बुधवारी रेड वाइन, गुरुवारी निर्णय : कोल्हापुरात बसून एआय चिपचा बाजार कसा बघावा

कोल्हापुरात बुधवार म्हणजे मटणाचा वार. आणि एनव्हिडिया ही एआय चिप आखणारी अमेरिकी कंपनी, एखादा अपवाद सोडला तर, आपला तिमाही निकाल बुधवारीच जाहीर करते. हा योग लक्षात आल्यापासून आमच्या घरात वर्षातले चार बुधवार ठरलेले आहेत : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धातले. त्या रात्री कढईत सुकं, टेबलावर रेड वाइनची बाटली आणि शेजारी एक वही.

माझं उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून येणारं कास्टिंग आम्ही मशिनिंग करून देतो. मी बाजारातला तज्ज्ञ नाही, सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार तर नाहीच. त्यामुळे कुठला शेअर घ्यावा ते मी सांगणार नाही. ती संध्याकाळ कशी लावायची, काय वाचायचं आणि काय करायचं नाही, एवढंच सांगतो.

करायचं काय नाही, ते आधी. ग्लास हातात असताना ऑर्डर टाकायची नाही. हा नियम मी पैसे मोजून शिकलो. २७ जानेवारी २०२५, सोमवार. डीपसीक या चिनी कंपनीनं कमी खर्चात चांगलं एआय मॉडेल बनवल्याची बातमी सगळीकडे पसरली होती. रात्री आठला अमेरिकेचा बाजार उघडला तो खड्ड्यातच. माझा दुसरा ग्लास चालू होता. नऊच्या आत होतं नव्हतं ते एनव्हिडिया विकून मी मोकळा झालो. आदल्या शुक्रवारी १४२ डॉलरवर बंद झालेला शेअर त्या दिवशी ११८ वर बंद झाला. जवळपास १७ टक्के घसरण, म्हणजे ५९ हजार कोटी डॉलरच्या आसपास मूल्य एका दिवसात गेलं. अमेरिकेच्या बाजारात एका कंपनीचं एवढं मूल्य एका दिवसात त्याआधी कधीच बुडालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेअर पुन्हा नऊएक टक्के वर. पण वाईट त्याचं वाटलं नाही. सकाळी बायकोनं विचारलं, "का विकलंत हो?" आणि मला सांगण्यासारखं कारणच सापडेना.

आधी घड्याळ लावून घ्या

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेचा बाजार आपल्याकडे संध्याकाळी ७ ला उघडतो आणि रात्री दीडला बंद होतो. उरलेल्या हिवाळ्यात ८ ते अडीच. एनव्हिडियाचा निकाल बाजार बंद झाल्यानंतर येतो आणि कंपनीचे अधिकारी विश्लेषकांशी बोलतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात. म्हणजे तुम्ही जेवून, बाटली बाजूला ठेवून झोपेपर्यंत निकाल आलेलाच नसतो. मला ही सोय मोठी वाटते. संध्याकाळ तयारीची, सकाळ वाचनाची. पहाटे गजर लावून उठायचा हट्ट मी दोनदा केला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कामावर मापं चुकली.

बाकीच्या तारखाही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एनव्हिडियाच्या चिप बनवून देणारी तैवानची टीएसएमसी आपली मासिक विक्री दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास जाहीर करते. चिपच्या मागणीची चाहूल तिथं लवकर लागते, आणि ती फुकट वाचायला मिळते. तिचे तिमाही निकाल जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या मध्यावर, बहुधा गुरुवारी, आपल्याकडे दुपार व्हायच्या आत येतात. गुरुवार, त्यातही भर कामाची वेळ, त्यामुळे त्या दिवशी वाइनचा प्रश्नच नाही. त्याच महिन्यांच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, मेटा, ॲमेझॉन हे एआय चिपचे बडे खरेदीदार आपापले आकडे सांगतात.

बाटली कुठून आणि कशी घ्यायची

आपल्या शेजारच्या तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षाला तोटा नाही. पलूसला तर एमआयडीसीनं वाइन पार्कही काढलं. पण तासगावची थॉमसन ही खाण्याची आणि बेदाण्याची जात. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून येतो, कारण रस सालीसकट आंबवतात.

वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, हे बागायतदाराला सांगायला नको. बाटली घेणाऱ्याला मात्र ते उपयोगी पडतं. लेबलवर २०२३ लिहिलं असेल, तर आपल्याकडचं द्राक्ष त्या वर्षाच्या सुरुवातीला तोडलेलं असतं. युरोपातलं त्याच सालचं द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं. आपली बाटली सहाएक महिने वडीलधारी. आपल्याकडच्या बहुतेक रेड वाइन दोन ते चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असतात, म्हणून "जुनी आहे साहेब" हे ऐकून जादा पैसे मोजू नका.

सुरुवात कुठून करावी? नाशिकच्या सुलाची रासा शिराझ, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह आणि आपल्या जवळची म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रातेली. तिथं इटालियन सांजोव्हेजी द्राक्ष लावलेलं आहे. त्यांची सेत्ते ही सांजोव्हेजी आणि कॅबर्ने सोव्हिन्यो यांची मिश्र वाइन मला या तिघींत उजवी वाटते. शिराझ म्हणजे मिरी आणि पिकलेलं जांभूळ. कॅबर्ने जास्त तुरट, कोवळी सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. सांजोव्हेजी आंबटसर, हलकी, जेवणाबरोबर चालणारी.

जाता जाता एक. सुला ही कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना शेअर विकून बाजारात आली. २०२५ मध्ये तो भाव त्याच्या बराच खाली होता. रासा आवडते म्हणून शेअर घेतलेले माझे दोन मित्र आजही रासा पितात, शेअरचं नाव काढत नाहीत.

दुकानात शिरल्यावर ब्रँडच्या आधी एक प्रश्न विचारा : "पेटी कुठं ठेवता?" एका मे महिन्यात मी एका दुकानाच्या काचेच्या शोकेसमधली, दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली आणली. बूच अर्धा सूत वर आलेलं होतं, तिकडे दुर्लक्ष केलं. उघडली तर वास शिजवलेल्या बेदाण्याचा आणि चव मुरंब्याच्या तळाची. उन्हानं वाइन शिजते, आणि कितीही भारी नाव असलं तरी शिजलेली वाइन परत सुधारत नाही. म्हणून थंड जागेतल्या पेटीतली बाटली मागा, बूच वर आलेलं किंवा मानेवरून ओघळ आलेला दिसला तर परत करा. एप्रिल-मेची खरेदी हिवाळ्यातच उरकून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात आडवी ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते. ते झाकण म्हणजे हलका माल, हा आपल्याकडचा गैरसमज आहे. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला, प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा.

गार करणं

रेड वाइन "रूम टेंपरेचरला" प्यावी असं म्हणतात, पण ती रूम युरोपातली. आपल्या रूममध्ये मे महिन्यात ३४-३५ अंश सेल्सिअस असतात. एवढ्या गरम वाइनमध्ये फळाची चव मरते आणि नाकात नुसता अल्कोहोलचा भपका जातो. १६ ते १८ अंश चांगले. फ्रिजमध्ये तासभर, किंवा बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ आणि दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात खोचू नका, पाणी नसेल तर बाटलीला थंडावा धड लागत नाही. ग्लासमध्ये बर्फ टाकणाऱ्याशी वाद घालू नका. तो पाहुणा आहे, पुढच्या वेळी बोलवू नका.

ग्लास मोठ्या पोटाचा असला की झालं, तिसरा हिस्साच भरायचा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. माझा हिशेब दोन ग्लासांचा. प्रकृतीला चांगली म्हणून वाइन प्यायची भाषा मी सोडून दिली आहे. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ सांगितलंय. आवडते म्हणून पितो, थोडी पितो. गाडीची किल्ली त्या रात्री बायकोकडे.

तांबडा की पांढरा?

हा खरा कोल्हापुरी प्रश्न. तांबडा रस्सा आणि तुरट कॅबर्ने यांचं जमत नाही. तिखटानं भाजलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी चटका देतो आणि तुरटपणा कडवट होतो. दोन्हींचं वाटोळं. तांबडा प्यायचाच असेल (आणि आपण पिणारच) तर आधी वाटीभर पिऊन घ्या, मग पाच-दहा मिनिटं भाकरी-भात आणि मग ग्लास उचला.

पांढरा रस्सा मात्र वेगळा. नारळाचं दूध, काजू, खसखस आणि मटणाचा अर्क. त्याच्या स्निग्धपणापुढे सांजोव्हेजीचा आंबटपणा छान उभा राहतो. सुक्या मटणाबरोबर शिराझ : मसाल्यातल्या मिरीला वाइनमधली मिरी भेटते आणि मटणाच्या चरबीनं तुरटपणा मऊ पडतो. फक्त सुक्यात कांदा-लसूण चटणी नेहमीच्या निम्मी घालायला सांगा. आमच्या घरी हे सांगताना मी आवाज खाली ठेवतो.

शाकाहारी असाल तर शेंगदाण्याच्या कुटाचं भरलं वांगं किंवा इस्लामपूरकडचा अख्खा मसूर, बरोबर शिराझ. भडंग नको, लसूण-तिखट जिभेवर बसतं ते बसतंच. भाजलेले शेंगदाणे ठेवा.

चिपचा धंदा उद्यमनगरच्या भाषेत

आता वही उघडा. एआय चिपवर वाचताना बरेच लोक नावांच्या गर्दीत हरवतात. आपल्याला सोपं आहे, कारण चिप बनवून देणाऱ्या कारखान्यालाही जगात फौंड्रीच म्हणतात.

एनव्हिडिया म्हणजे ड्रॉइंग काढणारी पार्टी. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग आणि दोघा जणांनी सुरू केलेली ही कंपनी चिप आखते, तिची स्वतःची भट्टी नाही. माल ओतून देणारी फौंड्री म्हणजे तैवानची टीएसएमसी, १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी काढलेली. तिचा मंत्र आपल्या जॉबवर्कवाल्यांचाच : दुसऱ्याचं ड्रॉइंग, आपलं काम, स्वतःचा माल बाजारात आणून गिऱ्हाइकाशी स्पर्धा करायची नाही.

त्या फौंड्रीला यंत्र देतो तो नेदरलँड्समधला एएसएमएल. सगळ्यात बारीक चिपवर प्रकाशानं नक्षी छापणारं ईयूव्ही यंत्र जगात तो एकटाच बनवतो. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगानं सोडतात, प्रत्येकावर लेझर मारतात आणि त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. कथील म्हटल्यावर आपल्याला कल्हई आठवते. तिकडे त्याच धातूवर सगळ्यात बारीक चिपांचा धंदा उभा आहे.

विकत आणून बसवायचा भाग म्हणजे एचबीएम, चिपशेजारी बसणारी वेगवान मेमरी. ती एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन यांच्याकडून येते. शेवटी या सगळ्याची जुळणी, तिला कोवॉस म्हणतात. २०२३ मध्ये चिपांची ओढ लागली तेव्हा चिप ओतायला जागा होती, जुळणीला नव्हती. कास्टिंग तयार पडलंय आणि मशिनिंगला स्लॉट नाही, हे दृश्य शिरोली एमआयडीसीत कुणी पाहिलेलं नाही?

आणि रिजेक्शन. एच१०० ही एनव्हिडियाची २०२२ ची चिप आकारानं ८१४ चौरस मिलीमीटर, आत ८ हजार कोटी ट्रान्झिस्टर. सिलिकॉनच्या १२ इंची तबकडीवर अशा साठीच्या आसपासच बसतात. भाग जेवढा मोठा, तेवढा एका डागानं अख्खा वाया जायचा धोका जास्त. मोठ्या कास्टिंगमध्ये एक ब्लोहोल निघाला की काय होतं ते आपण जाणतो. म्हणून "यील्ड" हा शब्द दिसला की थांबून वाचा, तो रिजेक्शनचाच उलटा आकडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक. एका वाहन कंपनीच्या शेड्यूलवर जगणारी फौंड्री तेजीत गाडी बदलते आणि मंदीत सोनं गहाण टाकते. एनव्हिडियाची विक्री मोजक्या बड्या गिऱ्हाइकांकडे एकवटलेली आहे. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात २,७०० कोटी डॉलर असलेली तिची विक्री दोन वर्षांत १३,०५० कोटींवर गेली, ती या गिऱ्हाइकांनी डेटा सेंटरवर ओतलेल्या पैशामुळे. उद्या त्यांनी शेड्यूल कापलं तर? २०२२ या एका वर्षात हाच शेअर निम्म्यावर आला होता, हे नव्यानं आलेल्यांना कुणी सांगत नाही.

वहीत काय लिहायचं

पहिला ग्लास ओतायच्या आधी, शुद्धीत, पाच ओळी. कंपनीनं मागच्या तिमाहीत पुढच्या विक्रीचा काय अंदाज दिला होता. डेटा सेंटरची विक्री किती होती. ढोबळ नफ्याचं प्रमाण किती (जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ते ७५ टक्के होतं. शंभराच्या मालात पंचाहत्तर! आपल्याकडे पंधरा सुटले तर पेढे वाटतात). गोदामातला माल वाढतोय का. आणि पाचवी, सगळ्यात अवघड ओळ : काय दिसलं तर मी विकेन.

ही पाचवी ओळ २७ जानेवारीला माझ्याकडे नव्हती. असती तर मी वाचलं असतं की "बड्या गिऱ्हाइकांनी खर्च कापला तर विकेन", आणि त्या रात्री कुणीच तसं म्हणालेलं नव्हतं.

सरकारी फटकारा वेगळा. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२२ पासून चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध आणले. २०२५ च्या एप्रिलमध्ये एच२० या खास चीनसाठीच्या चिपलाही परवान्याची अट लागली आणि कंपनीला त्या तिमाहीत ४५० कोटी डॉलरचा फटका हिशेबात धरावा लागला. असल्या गोष्टी कुठल्याच वहीत आधी लिहिता येत नाहीत. त्याचा उपाय एकच, एका नावावर सगळं घर लावायचं नाही.

पैसे पाठवायचे असतील तर

परदेशी शेअर थेट घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत पाठवताना टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत नाहीत, गुंतवणुकीसाठी त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. तो कर विवरणात वळता करता येतो, पण तोवर पैसा अडकतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के, अधिक अधिभार-उपकर. त्याआधी विकला तर तुमच्या प्राप्तिकराच्या टप्प्याप्रमाणे. लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापते. एनव्हिडियाचा लाभांश २०२४ च्या शेअर-विभाजनानंतर, २०२५ मध्ये, शेअरमागे तिमाहीला एक सेंट होता, तेव्हा त्यापायी झोप उडवून घेऊ नका.

झोप उडायला दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, एक शेअर असला तरी, आणि तो जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा असतो. सीएला हे आपणहून सांगा. दोन, अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या वर असताना धारकाचा मृत्यू झाला, तर वारसांना तिथला वारसा कर लागू शकतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. हे मला पैसे पाठवून दोन वर्षांनी कळलं.

फंडातून जाणं सोपं, पण परदेशी गुंतवणुकीवर सगळ्या फंडांना मिळून ७०० कोटी डॉलरची मर्यादा आहे. ती २०२२ मध्ये भरत आल्यापासून अनेक योजनांत नवे पैसे घेणं अधूनमधून बंद असतं. त्यामुळे अमेरिकेच्या नॅसडॅक निर्देशांकाचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात मिळणारे फंड) इथल्या बाजारात कधी कधी एनएव्हीपेक्षा, म्हणजे त्यांच्या खऱ्या मूल्यापेक्षा, बरेच महाग मिळतात. घेण्याआधी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

इथल्या शेअरबाजारात "सेमीकंडक्टर" नाव लागलं की भाव उडतो, तिकडेही डोळसपणे बघा. टाटांचा ९१ हजार कोटींचा धोलेऱ्याचा प्रकल्प खरा आणि महत्त्वाचा, पण तो २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिपांसाठी आहे. गाड्या, मीटर, पंखे यांच्या कामाच्या. एआय चिप त्याच्या कितीतरी पिढ्या पुढं.

गुरुवारची सकाळ

सहा वाजता गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारे पितात, मी चहा घेतो. वही आणि निकाल शेजारी ठेवतो. पाच ओळींपुढे पाच आकडे लिहितो. बातमीचा मथळा सगळ्यात शेवटी वाचतो. पाचवी ओळ घडलेली नसेल तर वही मिटून कामावर. घडली असेल, तरी ऑर्डर संध्याकाळी बाजार उघडल्यावरच, आणि त्या दिवशी गुरुवार असतो, म्हणजे बाटली आपोआप बंद.

ती बंद बाटली : झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस राहते. आमच्याकडे रविवारी कुणी ना कुणी येतंच. नाही आलं, तर उरलेला अर्धा ग्लास सुक्याच्या कढईत, मटण परतताना, मसाल्याच्या आधी.